बिनसावलीच्या पोरासाठी सगळे रडले

तो पिक्चर मला आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत, डेअरीवर, पार्लरमध्ये, जिथे जावं तिथे त्याचं कौतुक चाललं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं.

गोष्ट अशी. डोंगरापलीकडच्या धुक्यातून एक तरुण एका गावात येतो. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड, फक्त त्याची सावली पडत नाही. म्हणून तो भर दुपारी बाहेर पडतो, सूर्य डोक्यावर असताना, जेव्हा कुणाचीच सावली धड दिसत नाही. नाव चालवणाऱ्याच्या पोरीचा त्याच्यावर जीव बसतो. मग गावाला कळतं, गाव काठ्या घेऊन त्याच्या मागे लागतं. आणि शेवटी राजाचे शिपाई त्याला धरायला येतात तेव्हा तेच गाव त्याच्याभोवती कडं करून उभं राहतं. संध्याकाळची वेळ, लांबच लांब सावल्या, सगळ्यांच्या त्याच्या अंगावर. कुणाची कुठली, शिपायांना कळत नाही. इथे थिएटरात नाकं ओढायला सुरुवात होते.

आता आमच्या घरचं सांगते. आम्ही पुण्याजवळच्या मारुंजीचे. पूर्वी इथे आमची शेती होती, आता त्या शेतात आमची बिल्डिंग आहे आणि बिल्डिंगीत खोल्या आहेत. कंपनीत जाणारी पोरं भाड्याने राहतात. खाली त्यांच्या गाड्यांची ही गर्दी, गाद्या घेऊन आलेला टेम्पो कायम आमच्याच फाटकात अडकलेला. आमच्याकडे भाडेकरूंना नावं नसतात, खोल्या असतात. 'दोनशे एकनं नळ उघडा ठेवला', 'चारशे तीनचं लग्न ठरलं', असं आम्ही बोलतो. तर माझ्या लेकीला आमच्या तीनशे दोनशी लग्न करायचं होतं.

पोरगा परभणीकडचा. माझ्या लेकीच्याच कंपनीत, पण ओळख झाली ती आमच्या जिन्यात. मान खाली घालून जाणारा, पण काम सांगितलं की नाही म्हणणार नाही. आमच्या ह्यांचा ऑनलाइन सातबारा काढून देणं, माझ्या मोबाइलमधले ते रोज सकाळचे गुलाबाचे फोटो पुसून जागा करून देणं, सगळं तोच. जात आडवी येत नव्हती, ती एकच होती. मग जिल्हा आडवा आला.

लेकीने घरात सांगितलं तेव्हा आमचे हे दोन घास तसेच ठेवून उठले. भांडले नाहीत. हे कधी भांडत नाहीत, हीच तर माझी डोकेदुखी आहे. हात धुऊन आले आणि म्हणाले, "आक्का म्हनंल तसं."

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. पौडकडे, कासार आंबोलीत दिल्यात. आमच्या घराण्यात पोरीची सोयरीक ठरवताना पहिला मान आत्याचा. आत्याने हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही, आणि फुटते तीही आत्याच्याच हाताने. आई म्हणून तुम्ही नऊ महिने पोटात वाढवा, तापात रात्र रात्र जागा, शाळेच्या मीटिंगा करा. मान आत्याचा. मी म्हटलं, "अहो, आक्का म्हणतील ते म्हणतील, तुमी काय म्हणताय?" तर हे म्हणाले, "मी तेच म्हनतोय." आता ह्याला काय म्हणावं? डोकं आपटून घ्यायला भिंत तरी मोकळी हवी, तिच्यावर पण भाडेकरूंचे मीटर लावलेत.

आणि तेवढ्यात लेकीला कळलं, की आत्याला तो बिनसावलीचा पिक्चर बघायचाय. त्यातली गाणी वन्संच्या फोनवर दिवसभर वाजत होती. लेकीच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाली, "आई, आपण आत्याला थिएटरला नेऊ. शेवटाला ती रडणारच. सगळेच रडतात. मग घरी जाऊन, डोळे ओले आहेत तोवर विचारून टाकायचं."

मी म्हटलं, "अगं, ती तुझी आत्या हाय. भिजली तरी पाझरायची न्हाई." पण ऐकेल ती आमची पोरगी कसली. तिने मला लोकांची मतंच वाचून दाखवायला घेतली. फोनवर लोकांनी रकानेच्या रकाने भरले होते. कुणी लिहिलं होतं, बघून आल्यापासून माणसांकडे बघायची नजर बदलली. कुणी लिहिलं होतं, आपल्या सगळ्यांच्या आत एक परका असतो. कुणी पाच तारे, कुणी साडेचार. अर्धा तारा कशाचा कापला कुणास ठाऊक. मला विचाराल तर मतं देणाऱ्या माणसांच्या घरात एकदा जाऊन बघावं, त्यांची मोलकरीण कुठल्या कपात चहा पिते.

तिकिटं अर्थात तीनशे दोननेच काढून दिली. त्या शनिवार-रविवारी तो गावी जाणार होता. "मी असलो की आत्या बिचकतील," म्हणाला. गुरुवारी जिन्यात भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, "तू बघितला ना? कसाय रे?"

"बराय काकू. शेवट खोटाय."

"का बरं?"

"अख्खं गाव एका दिवसात सुधारतंय होय? लोकं रडायलेत म्हणून खरं वाटतंय." आणि हसला. पोरगा मला त्या दिवशी फार आवडला. लेकीपेक्षा ह्याला जास्त अक्कल आहे असं वाटलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळच्या शोला गेलो. आमचे हे, मी, लेक, वन्सं आणि वन्संचा मुलगा. त्या एसीत वन्संनी डोक्यावरून पदर घेऊन कान बांधले आणि पॉपकॉर्नचा डबा मांडीत धरून बसल्या. गावकरी काठ्या घेऊन धावले तशा ओरडल्या, "अरे मेल्यांनो, काय केलंय त्यानं तुमचं?" पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली. शेवटाला तर हुंदके. लेकीने अंधारात माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला. मला त्या पडद्यावरच्या गावाची इतकी चीड आली होती. पहिल्या अर्ध्या पिक्चरमध्ये त्याला दगड मारले, ते सगळे विसरले? आणि तो पण गधडा, हात जोडून उभा! एकाला तरी विचारायचं, बाबा, परवा तुझ्याच हातात काठी होती ना?

थिएटरातून आम्ही थेट कासार आंबोलीला गेलो, जेवायला. गाडीत मतांचा नुसता पाऊस. वन्संचा मुलगा म्हणाला, "सगळं ठीक, पन माझा एक प्रश्न हाय. त्याची सावली न्हाई, मान्य. त्याच्या शर्टाची का पडत न्हाई?" आमचे हे म्हणाले, "त्याचा धंदा काय ते दाखवलंच न्हाई. खातो काय ते? पोरगी कुनाच्या जिवावर सांभाळनार?" त्यावर वन्सं म्हणाल्या, "तुमा बाप्यांना काय कळतंय? जीव लावला की झालं. मानूस महत्त्वाचं. सावली घिऊन चाटायचीय?" मग त्यातलं तळं लवासाचंच आहे की नाही, यावर पौड रोड संपेपर्यंत वाद. मला कुणी विचारलं नाही. मी मुलीशेजारी मागे बसून तिचा चेहरा बघत होते. 'मानूस महत्त्वाचं' ऐकलं आणि तिच्या गालावर एकदम रंग चढला. मला इतकं वाईट वाटलं तिचं.

वन्संचं घर तुम्ही बघायला हवं. पूर्वी चारी बाजूंनी शेतं होती, आता तीन बाजूंनी बंगले आहेत, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जाणाऱ्या लोकांचे. ते प्लॉट वन्संच्याच घरच्यांनी दिलेले. वन्सं त्या लोकांना घरची वांगी देतात, त्यांची कुत्री सांभाळतात, त्यांच्या बायकांना 'ताई' म्हणतात.

जेवायला बसलो. मटणाचा रस्सा, भाकरी, इंद्रायणीचा भात. वाढणाऱ्या सुनेला वन्सं अख्खा पिक्चर सांगत होत्या, आणि सांगता सांगता पदर डोळ्यांना. "लई वाईट वाटलं गं त्या पोराचं. आई न्हाई, बाप न्हाई, कुटनं आला कुनाला ठावं न्हाई. आन त्या पोरीनं धरला हात तो धरला. अशी पायजे पोरगी!"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी सांगत होते, थांब, आत्ता नको, त्यांना भात तरी खाऊ दे. पण ती बोललीच.

"आत्या, मग माझंही तसंच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये तो परभणीचा मुलगा राहतो ना, मला त्याच्याशी लग्न करायचंय. बाबा म्हणालेत, तू म्हणशील तसं."

वन्संनी पदर खाली घेतला. डोळे क्षणात कोरडे. असे कोरडे, की मला कौतुकच वाटलं.

"भाडेकरू?" म्हणाल्या.

"हो."

"भाडेकरूला कुनी पोरगी देतं व्हय? आज हितं, उद्या तितं. त्यांचं मूळ म्हाईत न्हाई, मानसं म्हाईत न्हाईत. तिकडं प्यायला पानी न्हाई."

"अगं आत्या, आत्ताच तू म्हणालीस, माणूस महत्त्वाचं..."

"पिच्चरचं येगळं असतंय बाय. बाहेरचा तो बाहेरचाच."

काय सांगू तुम्हाला, माझ्या डोक्यात तिडीक गेली. लेकीचा चेहरा असा पडला होता, की ताटातली भाकरी पण तिला दिसेना. आमचे हे रस्स्यात नळी शोधत होते. मी म्हटलं, "वन्सं, पिच्चरमधल्याला सावली नव्हती, आई-बाप नव्हते, धंदा नव्हता, त्याच्यासाठी तुमी दोन रुमाल भिजवले. ह्याला सगळं हाय. सावली बी हाय, मी रोज बघते जिन्यात. आन मूळ म्हणाल तर हे शेजारचे बंगले. प्लॉट दिले तवा कुनाचं मूळ इचारलं होतं? जमीन चालती बाहेरच्याला, पोरगी न्हाई चालत?"

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. वन्सं चिडल्या नाहीत. भातावर रस्सा ओढत, मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या, "तू मदी पडू नगंस. तू सोता खालची. आमच्यातलं तुला काय कळतंय?"

खालची म्हणजे घाटाखालची. ताम्हिणी उतरून गेलं की माझं माहेर, माणगावच्या अंगाला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. सुरुवातीला माझ्या हेल काढून बोलण्याला सगळे हसायचे, म्हणून मी त्यांचं बोलणं शिकले, इतकं, की आता माहेरचे मला हसतात. कालवणात नारळ घालायचं सोडलं. वन्संची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होत्या. त्यांचं सगळं मी केलं, त्यांच्या लेकीने नाही. गावच्या देवीची ओटी भरायला घरातून मी जाते. आणि आमच्यातलं मला काय कळतंय! मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, चारचौघांत शोभलं असतं. आला तो राग.

"मग झालंच की, वन्सं," मी म्हटलं. "मी बाहेरची, तर माझी पोरगी अर्धी बाहेरची. तुमच्या हितल्या चांगल्या घरात असली अर्धवट पोरगी कशाला देताय? तिला बाहेरचाच बघा. शोभंल बी."

वन्संचा मुलगा फसकन हसला आणि आईकडे बघून भाकरी मोडायला लागला. सून भाताचं पातेलं हातात घेऊन दारातच उभी राहिली. आणि आमच्या ह्यांनी, जे आयुष्यात कधी आक्काच्या बोलण्यात पडले नाहीत, त्यांनी नळी ताटात ठेवली.

"आक्का," हे म्हणाले, "हिला खालची म्हनायचं न्हाई परत."

"आता गं बया! मी काय वंगाळ बोलले? खालची तर हाय."

"म्हनायचं न्हाई. आन त्या पोराच्या मानसांना बोलावतोय मी, पुढच्या रैवारी, हितंच तुझ्याकडं. सुपारी तुझ्या हातनं फुटंल. तुला जमत नसंल तर माझ्या हातनं फोडीन."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस बोलतो! वन्संनी आधी भावाकडे बघितलं, मग भाचीकडे, मग परत भावाकडे. मान जातोय म्हटल्यावर त्यांचं गणित झटकन झालं.

"बोलाव की," म्हणाल्या. "मी कवा न्हाई म्हनले?"

आता बोला! मी तोंड उघडणार होते, पण लेक उठून आत्याच्या गळ्यात पडली, पाया पडली. वन्संनी तिला जवळ घेतलं आणि त्या परत रडायला लागल्या, पिक्चरच्या शेवटाला रडल्या तशाच. "लई गुनाची गं माझी भाची, बाहेरच्याला बी आपलं म्हनती." सून पण डोळे पुसायला लागली. मी खरकटी ताटं उचलून मोरीकडे गेले.

परतताना लेक मागच्या सीटवर, हे गाडी चालवत होते, मी शेजारी. हे खुशीत होते. स्वतःच्याच धाडसावर खूश. म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"पोरीच्या मनासारखं झालं," मी म्हटलं. "अहो, तुमी म्हणालात, हिला खालची म्हनायचं न्हाई. ही हितली हाय, असं का न्हाई म्हणालात?"

ह्यांनी खरोखर विचार केला. पुढचा टेम्पो जाऊ दिला. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "हितली कशी म्हनू? म्हायेर तर खाली हाय ना तुझं."

ह्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर. वाईट असतं तर भांडता आलं असतं. मी काच खाली केली आणि तोंड बाहेर करून बसले.

मागे लेकीने फोन लावला होता. तो गावी होता, तिचं ऐकून ओरडलाच असावा, कारण तिने फोन कानापासून लांब धरला आणि स्पीकर लावला. आम्हाला पण ऐकू यावं म्हणून. तिकडे भांड्यांचा आवाज, कुणीतरी 'काय झालंय रे' विचारतंय, आणि मग एका बाईचा आवाज, आनंदाने, अगदी मोकळा, "कोण बोलायलंय? ती पुण्याकडची पोरगी का? दे दे, दे इकडं!"

लेक हसली. लाजली पण. तिला ते गोड वाटलं. मला पण वाटलं होतं गोड, पहिल्या दिवशी, उंबऱ्यावर कुणीतरी 'आली का खालची नवरी' म्हणालं तेव्हा.

मी मागे वळून तिच्या हातातून फोन घेतला.

"आई!" ती ओरडली.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी पोरीची आई. या तुमी रविवारी, सगळे या, जेवायलाच या. पण एक सांगते, राग मानू नका. माझ्या पोरीला पुण्याकडची म्हणायचं न्हाई. आज न्हाई, आन आणखी तीस वर्षांनी बी न्हाई."

तिकडची भांडी वाजायची थांबली. आमचे हे पुटपुटले, "झालं. मोडली सोयरीक." लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. शब्द परत घ्यायचा नाही, एवढं ठरलं होतं माझं.

मग ती बाई म्हणाली, आवाजात राग नव्हता, नुसती खरंच विचारत होती, "बरं बाई, न्हाई म्हणणार. मग काय म्हणू?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. फोन हातात धरून मी तशीच बसले, आणि पलीकडे ती बाई न ठेवता थांबली होती.